निहालीतली कबुली

नऊ भाषा येतात म्हणून मठात माझं भारी कौतुक. पाहुणा आला की वरिष्ठ मला पुढे करायचे, "यांच्याशी कुठल्याही भाषेत बोला!" आग लागो त्या कौतुकाला.

जळगाव जामोदच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला निहाल लोकांची वस्ती आहे. नवा पाद्री म्हणून मी तिथं जाऊ लागलो. कोरकू शिकलो, वऱ्हाडी तर तोंडात बसली. पण त्यांची घरातली भाषा, निहाली? ती बाहेरच्याला देतच नाहीत. एका म्हातारीच्या मी हात धुऊन मागे लागलो होतो. पाण्याला काय म्हणता, एवढंच विचारलं. तर म्हणाली, "पानीच म्हन्तो न, फादर! काऊन डोकं खाता?" सगळी वस्ती हसली. मी चिडून वही मिटली.

तीच म्हातारी शेवटच्या घटका मोजतेय, असा निरोप आला. भर दुपारी सायकल दामटत पोचलो. तिला मरणाआधी पापांची कबुली द्यायची होती. पण तापात वऱ्हाडी पार गेलेली, तोंडात फक्त निहाली. सून उंबऱ्यात उभी होती. "मी सांगतो न तुमाले, काय म्हन्ते थे."

दुभाषी चालतो आमच्यात. त्यानंही ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, एवढंच. पण सासूसुनेत वर्षानुवर्षं विस्तव जात नव्हता. म्हातारीनं हात झटकून तिला बाहेर घालवलं.

मग ती बोलत राहिली आणि मी कपाळकरंटा मान डोलावत राहिलो. असा संताप आला स्वतःचा! अख्ख्या बोलण्यात मला एकच शब्द कळला. कोणता, ते मी आजही लिहू शकत नाही. शेवटी क्षमेचे शब्द मी लॅटिनमध्ये म्हटले, तेव्हा तसाच रिवाज होता. तेही तिला कळले नाहीत. झाली फिटंफाट.

बाहेर आलो तर सून वाट अडवून उभी.

"फादर, माहं नाव घेतलं का हो तिनं? चांगलं का वाईट, थे नोका सांगू. घेतलं का, येवढंच सांगा."

कबुलीतलं काहीही, अगदी "हो" किंवा "नाही"सुद्धा, ओठांबाहेर काढायचं नाही, अशी आमची शपथ. मी सायकलकडे बघत राहिलो.

 तिनं पदरानं तोंड पुसलं.

"समजलं. नाही घेतलं," म्हणाली आणि आत गेली.

त्यावरही मला तोंड उघडता आलं नाही.