मिलिंदच्या नोंदी आणि आमचं मतदान

मिलिंद काल गेला. त्याचं नाव मात्र आम्ही तो धडधाकट असतानाच पुसलं होतं.

सहा विरुद्ध एक मतांनी.

सहांत मी होतो.

मिलिंद झरीच्या शाळेत मास्तर. मराठवाड्यातले शब्द गोळा करून मोबाईलसाठी फुकट शब्दकोश करायचा, हे त्याचंच खूळ. आम्ही बाकीचे सहा हौशी. पगार नाही, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर.

कोणी, कधी, कोणता शब्द घातला याची नोंद एसव्हीएन नावाची एक जुनाट सिस्टिम ठेवायची. ती चालायची मिलिंदच्या घरातल्या कॉम्प्युटरवर. झरीत लाईट गेली की अख्खा प्रोजेक्ट झोपायचा.

शब्द शब्दकोशात जायचा, पण तो सांगणाऱ्याचं नाव मिलिंद ह्या नोंदीत घालायचा.

"बैजवार. सांगणार : चंद्रभागाबाई, मिरचीवाल्या, सोनपेठ बाजार." बैजवार म्हणजे नीट, व्यवस्थित.

मग ठरलं, एसव्हीएन सोडून गिट नावाच्या नव्या, ऑनलाइन सिस्टिमवर जायचं. मिलिंदही तयार होता.

"बदला की! माझा डबा काय अमर हाय का? फक्त जुन्या नोंदी संगट न्या. महिनाभर लागंल, मी करतो."

"हिस्ट्री कोण वाचतंय सर? लेटेस्ट कॉपी उचलू. क्लीन स्टार्ट," आमचे पुण्याचे सदस्य स्क्रीनवरून म्हणाले.

मिलिंद माझ्याकडं वळला.

"पंडित, तुमच्याकडं कोणी कोणाला शिकवलं त्याची नावं पाठ करतेत. आमच्या लोकायची नावं कुठं लिहिलेली हायेत रे? ह्या डब्यात. पहिल्यांदाच."

मी संस्कृतचा एम.ए. गुरुपरंपरा घोकून मोठा झालेला.

म्हणालो, "अरे, कशाला हा कुटाणा? शब्द राहतायत ना? बस झालं."

आणि हात वर केला.

नव्या जागी सगळे शब्द एकाच दिवशी, एकाच नावानं चढले. कॉपी करणाऱ्याच्या.

पोथीची नक्कल करणाराही शेवटी आपलं नाव घालतो. पण मूळ कर्त्याचं खोडायचा निलाजरेपणा त्यानं केल्याचं माझ्या वाचनात नाही.

चंद्रभागाबाई पुसल्या गेल्या. मिलिंदही. त्यानं ग्रुप सोडला नाही, फक्त बोलणं सोडलं.

काल मातीनंतर त्याच्या घरी टेकलो. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तो डबा बघा बरं. ह्यांनी एक दिवस बंद करू दिला न्हाई."

चालू होता. सगळ्या नोंदी जागच्या जागी.

मतदानानंतरची एकच होती. त्याच दिवसाची.

"कुटाणा. सांगणार : आमचा पंडित, परभणी."

ग्रुपवर सकाळपासून हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली आहे. 'शब्दकोशाचा आधारस्तंभ हरपला.' त्या शब्दकोशात त्याचं नाव शोधून दाखवा म्हणावं.

जुन्या नोंदी मी नव्या जागी न्यायला घेतल्यात. तो महिना म्हणाला होता, मला वर्ष लागेल. मला ते काम येत नाही.

ज्याला येत होतं, त्याला आम्ही नको म्हणालो.

मिलिंद, भावपूर्ण श्रद्धांजली.

वाहणार : पंडित, परभणी.