आमची ईशान्य, शेजाऱ्यांची वायव्य

शोभाला जीपमध्ये ठेवलं तेव्हा तिची मुलगी माझ्या हातात होती आणि भुकेने रडत होती. शोभा माझी थोरली लेक. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, काविळीतच बाळंत झाली आणि गेली. तिला अग्नी द्यायला आर्वीकडे न्यावं म्हणून जावयाची माणसं आली होती. विहीणबाई जीपमध्ये चढता चढता थांबल्या. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हे तुमच्यापाशीच राहू द्या, बाई. आमच्या घरी पाजाले कोनी नाई."

जीप गेली. फाटकात मी आणि हे उभे राहिलो. बंगल्यांच्या गच्च्यांवरून लोक पाहत होते. ते वाईट वागले असं मी म्हणणार नाही. त्या लाइनीत तोवर कोणी मेलंच नव्हतं, त्यामुळे अशा वेळी खाली उतरायचं की वरूनच पाहायचं हे ठरलेलं नव्हतं. सगळेच नवे होते.

आम्ही केळझरजवळच्या खेड्यातले. वर्ध्याबाहेर नवं कॉलेज निघालं, तिथे यांना शिपायाची नोकरी लागली. कॉलेजच्या मागे तुरी-पऱ्हाटीच्या वावरांत चुन्याच्या रेघा मारून ले-आउट पाडले होते. तेव्हा तिथे राहायला कोणी धजत नव्हतं, म्हणून शिपायालाही प्लॉट मिळाला. निघताना सासरे यांना म्हणाले, "शेजार पाहून जागा घेजो." यांनी शेजार पाहिला. पूर्वेला प्राध्यापक पाध्ये, पश्चिमेला बँकेतले साहेब. याहून चांगला शेजार कुठे असतो?

धाकटी जाऊ सुमन मात्र रुसली होती. म्हातारा-म्हातारी दोघं तिच्या अंगावर पडले, तिचं चूक नव्हतं. मी एसटीत बसले तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाली, "जा बाई. आता तुमी कॉलेजातल्या. कधी भेटलो तर ओळख देजा म्हंजे झालं."

गावात राहिलेल्यांना वाटतं आम्ही तिकडे सुखात लोळलो. सुख होतंच, खोटं कशाला बोलू. माझी शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या पोरी मॅट्रिक होऊनच सासरी गेल्या. रस्ते सरळ होते. प्रत्येक घराला कंपाउंड, फाटक, आणि फाटकावर दगडात कोरलेलं नाव. साहेबांच्या घराचं नाव मातृछाया होतं आणि आई गावी होती. आजारी पडली तेव्हा आणली. संध्याकाळी नवरा-बायको जोडीने फिरायला निघत, कामाशिवाय. बायका पहिल्या भेटीत विचारत, "तुमचे मिस्टर कोणत्या डिपार्टमेंटला?" मी सांगायची, "सगळ्याच. घंटा तेच वाजवतात." काही हसायच्या, काही पुन्हा आल्या नाहीत. पाध्येबाई हसल्या होत्या.

पण एक गोष्ट तिथे कोणीच करत नव्हतं. आपल्या भिंतीपलीकडे कोणी पाहत नव्हतं. गावात एकच विहीर होती, तिच्यावर बायका रोज भांडायच्या. कोणी चार हात जवळ धुणं धुतलं तरी आरडाओरडा. ले-आउटमध्ये ज्याची त्याची विहीर, ज्याचा त्याचा संडास. विहीर ईशान्येला हवी, ती सगळ्यांनी ईशान्येला खोदली. संडासाची टाकी वायव्येला चालते, ती सगळ्यांनी वायव्येला बांधली. शिकलेल्यांनी पुस्तकात पाहून केलं, आम्ही त्यांचं पाहून केलं. आता बघा. घरं एका ओळीत. आमचा ईशान्य कोपरा संपतो तिथे पाध्यांचा वायव्य कोपरा सुरू होतो. मध्ये फक्त भिंत. साहेबांची विहीर अशीच आमच्या टाकीला लागून. प्रत्येकाचं घर आपल्यापुरतं अगदी शास्त्राप्रमाणे होतं. खाली मुरूम. पाणी भिंत पाहून थांबत नाही.

शोभाला सातवा लागला तेव्हा मी निरोप धाडला, इकडेच ये. दवाखाना जवळ, विहिरीवर मोटर, पोटुश्या पोरीला वाकून पाणी काढायला नको. माझ्या जागी कोणीही हेच सांगितलं असतं.

पोळा झाला आणि लाइनीत काविळी सुरू झाल्या. आधी पाध्यांचा मुलगा, मग साहेबांची आई, मग हे, मग शोभा. जो तो घरात उसाचा रस पीत पडला. गावाकडे एक म्हातारा मुळ्यांची माळ घालून कावीळ उतरवायचा. त्याच्याकडे प्राध्यापकही स्कूटरवरून जाऊन आले, फक्त एकमेकांना सांगितलं नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "ही पाण्यातून येते. इतरांना सोडते, पोटुशीला सोडत नाही." घरी येऊन त्यांनी विहीर पाहिली, मग भिंतीवरून पलीकडे पाहिलं. तेव्हा आम्हाला कळलं. पाध्यांची घाण आमच्या विहिरीत, आमची साहेबांच्या विहिरीत. दोष कोणाला द्यायचा? मी कोणाला दिला नाही. मला तेवढा वेळही नव्हता.

जीप गेल्यावर पाध्येबाई दुधाच्या पावडरीचा डबा घेऊन आल्या. मी विचारलं, "यात पाणी कुठलं घालू?"

"उकळून घ्या," त्या म्हणाल्या.

"शोभालेही उकळूनच देत होती."

त्यांनी डबा खाली ठेवला. मग कॉलेजच्या टाकीतून पाणी आणवलं, उकळलं, बाटली दिली. लेकराने ओकून टाकलं. पुन्हा दिलं, पुन्हा ओकलं. सकाळपर्यंत तिचा रडायचाही आवाज बसला. यांना उठवत नव्हतं, डोळे हळदीसारखे. म्हणाले, "तू गावाले जा. सुमनचा पोरगा अंगावर हाये अजून. माझं मी पाहून घेतो." पाध्येबाई म्हणाल्या, "त्यांची पेज मी करीन. निघा तुम्ही." मी पहिली एसटी धरली. लेकरू पदराखाली होतं. वाटेतला सेलूचा थांबा मागे पडला तेव्हा हलत होतं, मग हलेनासं झालं. मी पदर उचलून पाहिलंच नाही. पाहून काय करणार होते?

सुमन अंगणात भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "काऊन, वर्ध्यात करमत नाई का?" मग माझ्या हाताकडे पाहिलं. राखेचे हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "आना इकडं."

दीर ओट्यावरून सुमनवर ओरडले, "कावीळ घरात आणून राह्यली का बाई? आपल्या पोराले लागन ना."

"तुमी भाईर जा," सुमन म्हणाली. ती उंबऱ्यात बसली. लेकरू तोंड लावेना. तिने दूध पिळून थेंब थेंब ओठांवर सोडलं, गाल चोळला, पुन्हा सोडलं. बऱ्याच वेळाने घोट गेल्याचा आवाज आला. तिचा पोरगा शेजारी उभा राहून टकमक पाहत होता. सुमन म्हणाली, "पाहा कसा पाहून राह्यला. वाटा गेला ना बापूचा."

मी तेव्हा रडले. जीप गेली तेव्हा नव्हते रडले.

पोरगी भाकर खाऊ लागेपर्यंत मी तिथेच राहिले. मग परत आले, तोवर नळ आले होते. आता ले-आउटमध्ये जमिनीला सोन्याचा भाव आहे. गाड्या आहेत, कॉलेजच्या पोरांना खोल्या भाड्याने देतात. विहिरी बुजवल्या, त्या का बुजवल्या हे नव्या लोकांना ठाऊक नाही. गावातून जे माझ्यासारखे निघून आले ते विचारतात, घर कोणतं वाटतं? राहते मी इथेच, इथेच मरेन. पण अडचणीत पाय आपोआप जिकडे वळले ते घर, एवढं मला कळतं. सुमनने नंतर जन्मभर टोमणे मारले. मारू दे.

त्या वर्षी आमच्या लाइनीत ज्यांना कावीळ झाली ते बाकी सगळे उठले. पाध्यांचा मुलगा उठला, साहेबांची म्हातारी आई उठली, हे उठले. शोभा तेवढी गेली. तिची मुलगी जगली.