सोळा तांब्यांचा हंडा

"अजून येतंय ना? मग थांबा."

आमच्या म्याडमचं हे ठरल्यालं बोलनं. म्हनताना पंजा आसा वर धरायची, जसा आपन यष्टीला धरतो. यष्टी थांबत न्हाई, मी थांबायचो, एवढाच फरक. तुमीच सांगा, आसं कुनी शिकिवतं का? मी जलमभर ऊस तोडला. आमच्यात ट्रक भरला की मगच टेकायचं. आन् ही बाई म्हनती, अंगात जोर हाय तवाच थांबा.

दर मंगळवारी ती केडगावहून आमच्या पाथर्डीकडच्या गावाला, दवाखान्यात कसरत शिकवायला यायची. कंबर, गुडघं, मान, जी जुनी दुखनी कुनाला नको आसायची ती समदी तिच्याकडं. मी गेलो तवा माझं दुखनं तीन वर्सांचं हुतं. उसाची मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढताना पडल्यालो. नगरच्या डॉक्टरनं फोटो बघून सांगितलं, मनक्यातली गादी सरकलीय. झालं. तवापासून मी खोकताना बी मागून हात लावायचो, गादी भाईर पडंल म्हनून. पट्टा बांधून पडून राह्यचो आन् आमची मंडळी एकटी हापशावरनं पानी वाहायची. गावात मला 'काच' म्हनायचे.

म्याडमनं कागद बघितलं, पाय हालवून बघितलं, चवड्यावर उभं केलं. म्हनली, "मामा, ती इजा भरून आलीय. आता दुखतं म्हणजे दर वेळी काही मोडतंय असं नाही."

मंग दुखतं कशाला, मी इचारलं.

"खळ्यावर एकदा चोर आला की कुत्रं पुढं पाचोळ्यालाही भुंकतं ना? ते खोटं भुंकत नाही, घाबरलेलं असतं. त्याला मारायचं नाही, आणि भुंकलं म्हणून दडूनही बसायचं नाही. हळूहळू सवय लावायची."

मला लई पटलं. घरी कंबर ठनकली की मी म्हनायचो, "गप मोत्या, मीच हाय." मंडळीनं दोन दिस ऐकलं, मंग भावाला फोन लावला, की ह्यांचं आता डोक्यात गेलंय.

फुडल्या मंगळवारी म्याडमनं इचारलं, कंबर बरी आसती तर काय केलं आसतं? मी म्हनलो, आधी दुखनं घालवा. ती म्हनली, ते पुरतं माझ्या हातात नाही, काम सांगा. मी भाईर बघितलं. मंडळी दारात बसून खांदा चोळत हुती. मी हळूच सांगितलं, एक भरला हंडा हापशावरनं आनायचाय, ही वट्यावर निवांत च्या पीत आसताना.

ती हासली न्हाई. मला वाचता येत न्हाई, म्हनून कार्डावर हंडा काढून दिला. मी आठ दिस त्याला शेळी समजत हुतो.

हापसा ते वटा सव्वाशे पावलं. आधी मोकळ्या हातानं. मंग रिकामा हंडा घेऊन. मंग त्यात एक तांब्या पानी, आन् दोन-दोन दिसांनी एकेक तांब्या वाढवायचा. सोळा झाले की हंडा भरला. आता तुमी डोळ्यासमोर आना, एवढ्या मिशांचा गडी, खांद्यावर हंडा, आन् आत एक तांब्या पानी डुचमळतंय. गल्ली बघायला भाईर यायची. शेजारचा भीमा म्हनला, "दाजी, चिमनीची आंघोळ हाय का?"

पाचव्या तांब्याला मला लई बरं वाटलं. भीमा बघतच हुता. मी हंडा काठोकाठ भरला आन् मिशीला पीळ देत वट्यावर आनून ठेवला. जेवायच्या टायमाला आडवा झालो तो चार दिस. कूस बदलायची तरी मंडळीला हाक. म्हनलं, गादी गेलीच.

म्याडम घरी आली. वाटलं, शिव्या घालंल. तिनं तपासलं आन् म्हनली, "मोडलं काही नाही. झोपलेल्या कुत्र्यापाशी बँड वाजवलात तुम्ही. परत तीन तांब्यांपासून."

मी म्हनलो, "राहू द्या म्याडम. मी काचच बरा."

तवा मंडळी चुलीपाशी हुती. तिकडं बघतच बोलली, "तीन तांबे तर तीन. तेवढं तरी मला कमी."

दुसऱ्या दिशी मी तीन तांबे आनले.

मंग म्याडमची बदली झाली, लांब, भंडारदऱ्याकडं. शेवटच्या मंगळवारी ती वट्यावर खुर्ची टाकून मंडळीसंगं च्या पीत हुती. मी तेरा तांब्यांवर हुतो. हंडा उतरवला, धाप बी न्हाई. म्हनलो, आजच सोळा करतो, तुमच्या देखत. तिचा पंजा वर गेला, च्या वढनीवर सांडला.

"अजून येतंय ना?"

"मग थांबा," मंडळीच म्हनली.

सोळा तांबे काय म्याडमनं बघितले न्हाईत. ते नंतर झाले. मोत्या गुरगुरला, चावला न्हाई. भीमानं हंड्यात डोकावून बघितलं, खरंच भरलाय का. मंडळी वट्यावर, हातात कप, शेजारी ती रिकामी खुर्ची. तिनं च्या सावकाश संपिवला आन् म्हनली, "अवो, हापसा मोकळा हाय. अजून एक आनता का?"

अंगात अजून एका हंड्याचा जोर हुता. म्हनून तर मी खुर्चीवर बसलो.