पायऱ्यांवर बसलेला वर्ग

"चपला काढा आणि आत या," संग्रहालयाचे सेक्रेटरी म्हणाले.

आम्ही एकवीस जण. वीस मुलं आणि मी मास्तर. चपलांचे जोड तीन: एक माझा, दोन पाटलांच्या मुलांचे. बाकी सगळे अनवाणी. लोहगडवाडीपासून मळवली स्टेशनापर्यंतचा भातखाचरांचा चिखल त्यांच्या घोट्यापर्यंत चढलेला.

लोणावळ्यातल्या एका बंगल्यात जुन्या कवींच्या हस्तलिखितांचं संग्रहालय होतं. हस्तलिखित म्हणजे छापखान्याआधीचं पुस्तक, बोरूनं हातानं उतरवलेलं. सहलीची हौस माझीच. डेप्युटींनी, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबांनी, परवानगी दिली ती अट घालून.

"पाहिलेल्यावर प्रत्येकानं पाच ओळी लिहून दाखवायच्या. नाही जमलं तर चौथीचा वर्ग खालच्या गावात हलवतो. डोंगरावरच्या पोरांना चौथी हवी कशाला?"

खालचं गाव दोन कोसांवर. वर्ग हलला की डोंगरावरच्या पोरांची शाळा संपली.

पोरांचे पाय दिसताच सेक्रेटरींनी मला दारात बाजूला घेतलं. "चपलावाली दोघं आत येऊ देत. बाकीच्यांनी खिडकीतून पाहावं. फरशी नवी आहे."

मी मूळचा घाबरट. 'बरं' म्हणायला तोंड उघडलंच होतं. मागं वळलो, तर पोरं पायऱ्यांवर ओळीनं बसलेली. सगळ्यात पुढं ठाकरवाडीची चंद्री.

"का गं बसलात?"

"पानी यायचंय न्हवं, गुरुजी. पाय धुतल्याबिगर लोकाच्या घरात कसं जायाचं?"

आमच्या मावळात पाहुणा दारात आला की आधी पाय धुवायला पाणी येतं. मग राम राम, मग बाकीचं. आपल्याला अडवलंय हे पोरांना कळलंच नव्हतं. त्यांच्या लेखी चुकत होतं ते घरवाल्यांचं.

मीही चपला काढल्या आणि चंद्रीशेजारी बसलो. चपला मेहुण्याच्या होत्या, चावत होत्या. तेवढंच बरं वाटलं.

"मास्तर, उठवा त्यांना."

"पाणी आलं की उठतील."

"ही अरेरावी मी डेप्युटींना कळवीन."

"कळवा. नाव लिहून देऊ का?"

माझा आवाज कापत होता. घरी सांगताना कापत नाही. त्यावर आमची धाकटी म्हणते, "बाबा, दर दिवाळीला तुमचा आवाज चढत चाललाय."

समोर रस्त्यावर नळ होता. मी पाणी आणू शकलो असतो. नाही आणलं.

शेवटी बंगल्याचा म्हातारा माळी फुलझाडांतून उठून आला. "सायेब, पावनी दारात बसल्याती. बरं न्हाई दिसत." तो बादली घेऊन आला. सेक्रेटरींनी ती आणली नाही, पण अडवलीही नाही. पाटलांच्या मुलांनीही पाय धुतले आणि नव्या फरशीवर सगळ्यांची ओली पावलं उमटली.

जुन्या पोथीत शब्द सुटे नसतात, ओळ एकसलग असते. चंद्रीनं काचेच्या वर बोट हवेत धरून एक ओळ अडखळत सोडवली. सेक्रेटरी लांबून ऐकत होते. थोड्या वेळानं जवळ आले आणि पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

सोमवारी डेप्युटी आले. एका हातात सेक्रेटरींची तक्रार, दुसऱ्या हातात पोरांचे कागद. चंद्रीची पहिली ओळ होती: 'तेथे पाहुण्यांना पाणी उशिरा देतात.' खालच्या चार ओळी पोथ्यांच्या होत्या, अगदी शुद्ध. साहेबांनी तो कागद दोनदा वाचला आणि खिशात घातला.

चौथी जागेवर राहिली. मला लेखी ताकीद मिळाली, 'उद्धट वर्तन' अशी. ती मी जपून ठेवलीय. साऱ्या नोकरीत मला उद्धट म्हणणारा तेवढा एकच कागद आहे.

तेव्हापासून सहलीला निघताना मी पाण्यानं भरलेली कळशी बरोबर घेतो. यजमान पाणी आणेपर्यंत मात्र तिला हात लावत नाही, पायरीवर बसून राहतो.