मुका पेला

पडदा हळूहळू वर जातोय असं समजा. समोर एक लांबट खोली, तोंड उत्तरेला. ऊन आत येत नाही. यायला परवानगीच नाही, कारण खोली तापली की वास बिथरतात. भिंती पांढऱ्या. चित्र नाही, कॅलेंडर नाही, फुलदाणी तर नाहीच नाही. मधोमध टेबल, टेबलावर पांढरा कागद अंथरलेला आणि कागदावर एका ओळीत सात पेले. गडद निळ्या काचेचे, पोटाशी फुगीर, तोंडाशी निमुळते. प्रत्येकाच्या डोक्यावर काचेचं गोल झाकण. सकाळचे अकरा वाजलेत. डावीकडच्या दारातून चवमास्तर प्रवेश करतात.

माणूस लहानखुरा, टक्कल, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. गर्दीच्या प्रसंगात मागे उभा करावा आणि कुणाच्या लक्षातही राहू नये, असा. नाक मात्र राजाच्या भूमिकेला शोभेल असं. चौतीस वर्षं त्या नाकानं अकराच्या आत चहा घेतला नव्हता. डोक्याला तेल नाही, दाढीला सुगंधी फेस नाही, आदल्या रात्री कांदा नाही. "आमचे हे नाकासमोर चालणारे," त्यांची बायको म्हणायची, "पण नाक एवढं पुढे, की हे कायम दोन पावलं मागे!"

परदेशी मद्याचा व्यापार करणाऱ्या एका जुन्या पेढीत मास्तर चव घेणारे होते. स्कॉटलंडहून सिंगल माल्टचे नमुने यायचे, औषधाच्या बाटल्यांएवढ्या बाटल्यांत. सिंगल माल्ट म्हणजे एकाच भट्टीतली, निव्वळ मोड आणलेल्या बार्लीची, वर्षानुवर्षं लाकडी पिंपात मुरलेली व्हिस्की. कोणतं पिंप घ्यायचं हे मास्तरांनी सांगायचं आणि घेतलेल्याचं वर्णन चार ओळींत लिहायचं. ते वर्णन पेढीच्या सूचिपुस्तकात छापलं जाई.

पहिलं काम त्यांना चुटकीसरशी जमायचं. झाकण उचलायचं, नाक खाली, एक श्वास. मग दोन थेंब पाणी, पुन्हा श्वास, जिभेवर एक थेंब. चांगली असेल तर म्हणायचे, "घ्या." नसेल तर, "पुढचा." चौतीस वर्षांत याहून लांब भाषण त्या खोलीत त्यांनी क्वचितच केलं.

दुसऱ्या कामाशी मात्र त्यांचा उभा दावा. नाकाला सगळं कळायचं, पण शब्द कसा तो फुटायचा नाही. पहिल्या वर्षी एका व्हिस्कीला त्यांनी लिहिलं होतं, "बरी आहे." दुसरीला लिहिलं, "हीसुद्धा."

आणि तरीही त्या सूचिपुस्तकातली वर्णनं लोक कात्रणं काढून ठेवत. ती कुणाची, हे पेढीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

ती होती बायकोची. कपडे धुऊन देणाऱ्या एका दुकानात ती काउंटरवर असायची. समोर कोट आला, की खिशापाशी वास घेऊन सांगायची, हा माणूस नुकताच आईला भेटून आलाय, हा नोकरी शोधतोय, हा घरी खोटं बोलतो. मास्तर रोज संध्याकाळी रुमालाच्या कोपऱ्यावर व्हिस्कीचे चार थेंब घेऊन घरी जात. ती डोळे मिटून हुंगायची.

"हा तर पावसात भिजलेला लोकरी कोट आहे हो. आणि खिशात कुणीतरी सफरचंद विसरलंय. परवापासून."

"परवापासून असं लिहू?"

"लिहा की. कालचं असतं तर इतकं गोड झालं असतं का?"

थेंबही तिनं कधी जिभेला लावला नाही. "दारू पिणारे तुम्ही," ती म्हणायची. "मी नुसती चौकशी करते."

आता त्या सात पेल्यांचं सांगायला हवं. सातांपैकी सहांत पाणी घालून सौम्य केलेली व्हिस्की असे आणि एकात नुसतं पाणी. त्याला म्हणायचे मुका पेला. तो कितवा, हे फक्त पेले भरणाऱ्याला माहीत. चव घेणाऱ्यानं मुक्या पेल्यासमोर काही लिहायचं नाही, नुसती रेघ मारायची. नाक हा मोठा लबाड नट असतो. समोर पेला दिसला, की संहितेत नसलेली वाक्यंही तो ठोकून देतो. जो मुक्या पेल्याचं वर्णन करेल, त्यानं त्या टेबलाशी पुन्हा बसायचं नाही, असा पेढीचा नियम होता.

मास्तरांना हे काम शिकवलं थोरल्यांनी. पेढीतले ते पहिले चव घेणारे. नियमही त्यांनीच केलेला. सत्तरी ओलांडल्यावर एका सकाळी थोरल्यांनी पाचव्या पेल्यासमोर दोन ओळी लिहिल्या. पेले भरले होते मास्तरांनी. ते तेव्हा तरुण होते, ताठ होते. सगळ्यांदेखत म्हणाले, "पाणी आहे ते." थोरल्यांनी लेखणी खिशाला लावली आणि उठून गेले.

संध्याकाळी घरी हे सांगितलं, तेव्हा बायकोनं रुमाल हातातही घेतला नाही.

"तुम्ही विचारलंत का त्यांना?"

"काय?"

"कुणाचा वास आला ते."

"पाण्याला कुणाचा वास येणार?"

"तेच तर विचारायचं होतं," ती म्हणाली आणि ताटं मांडायला उठली.

मग वर्षं गेली आणि ती आजारी पडली. खिडकीजवळ खाट आली, टेबलावर स्पिरिट, आयोडीन, पट्ट्यांच्या गुंडाळ्या. तिला वारा लागला की खोकल्याची उबळ येई. "लावा हो खिडकी," ती म्हणायची, "वारा सोसत नाही." मास्तर जंतुनाशकानं फरशी पुसत, चादरी उकळत. रुमाल मात्र रोज नेत.

काही माल्ट असे असतात, की त्यांची बार्ली दलदलीतल्या वाळलेल्या मातीच्या धुरावर सुकवलेली असते. त्या व्हिस्कीला धुराचा वास येतो, समुद्राचा येतो आणि दवाखान्याचाही. तसल्याच एका पिंपाचा रुमाल त्यांनी शेवटी नेला. तिनं हुंगला, बराच वेळ हुंगला.

"ही तर माझीच खोली," ती म्हणाली. "बाटलीत कुणी भरली हो?"

चार दिवसांनी ती गेली. ते पिंप मास्तरांनी घेतलं नाही. "पुढचा," एवढंच म्हणाले.

पण ती खोली त्यांना सोडीना. शेरी या स्पॅनिश वाइनच्या जुन्या पिंपात मुरलेली, मनुका-अक्रोडाच्या वासाची व्हिस्की समोर यायची. मास्तर नाक खाली न्यायचे आणि मनुकांच्या मागून, विंगेतून कुणी हळूच डोकवावं, तसा आयोडीनचा वास यायचा. मग उकळलेल्या चादरीचा. मग लावलेल्या खिडकीचा. खिडकी लावलेली आहे हे वासावरून कसं कळतं, ते त्यांना सांगता आलं नसतं. पण कळायचं. पेल्यात ती होती, आजारीच होती, श्वास घेत होती.

घरी ती नव्हती. हा मोठा चमत्कारिक छळ होता. त्यांनीच पुसून, उकळून, धुऊन घरातून तिचा वास पार घालवला होता. कपाट उघडलं तर नुसतं कपाट. उशी नुसती उशी. ती भेटायची ती सकाळी अकराला, निळ्या काचेखाली.

ओळी आता ते स्वतःच, शब्द शोधत शोधत, लिहीत आणि त्या छापूनही येत. गिऱ्हाइकांची तक्रारीची पत्रं यायला लागली. पेले भरायचं काम आता प्रयोगशाळेतल्या बाई करत. चाळिशीच्या, तोंडानं फटकळ, मनानं मऊ. त्यांनी एक दिवस कागद पुढे ठेवले.

"मास्तर, गेल्या चौदा नोंदींत बंद खिडकी आलीय."

"असेल."

"परवाचं पिंप नारळ आणि व्हॅनिलाचं होतं. त्यात कुठली खिडकी? मालक म्हणताहेत, गुरुवारी सात पेल्यांची परीक्षा घ्या. नाक शाबूत असलं तर मास्तर राहतील, नाहीतर..." त्या थांबल्या. "तुम्ही आपले नीट झोपून या. आणि खिडक्या घरी ठेवून या."

पगाराची मास्तरांना चिंता नव्हती. पण त्या खुर्चीवरून उठायचं म्हणजे तिला तिथे एकटी सोडून यायचं, खाटेवर, आणि पुन्हा कधी भेटायचं नाही. त्यांनी ठरवलं, खिडकीचा वास आला तरी कागदावर आणायचा नाही. खोटं लिहायचं आणि तिच्यापाशी राहायचं.

तर तो गुरुवार. तो प्रवेश. बाई कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या.

पहिला पेला. "नारळ, व्हॅनिला. अमेरिकन ओकचं पिंप. घ्या." दुसरा. "मनुका, अक्रोड, जुनं चामडं. शेरी. घ्या." तिसरा कडवट, "पुढचा." चौथा धुराचा. खाटेची कुरकुर ऐकू यावी इतका तो वास जवळ आला. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि लिहिलं, धूर, मीठ, डांबर. बाईंनी हळूच सुस्कारा सोडला. आणखी तीनच.

पाचवाही नीट गेला. मग सहावा.

मास्तरांनी झाकण उचललं, नाक खाली नेलं आणि तसेच राहिले. एक मिनिट. दोन. बाईंनी वहीतून मान वर केली. मास्तरांनी डोळे मिटले होते आणि ओठांच्या कडेला काहीतरी हलत होतं. मग त्यांनी कागद ओढला आणि लिहायला लागले. चार ओळी नाहीत. पान भरलं, पान उलटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना शब्दांसाठी थांबावं लागलं नाही.

बाई उठून मागे आल्या आणि खांद्यावरून वाचू लागल्या. गरम इस्त्रीखालच्या ओल्या सुती कापडाची वाफ. कपड्यावर खूण करायचा खडू. केसात खोचलेली पेन्सिल, लाकूड आणि खोबरेल. खिशात वाळलेली संत्र्याची साल. कामावरून धावत आल्यावर मानेला येतो तो घाम, शिळा नव्हे, ताजा. आणि सगळ्यात शेवटी: कुठेही औषध नाही.

"मास्तर," बाईंचा आवाज अगदी खाली आला. "थांबा. लेखणी ठेवा."

मास्तरांनी वर पाहिलं आणि त्यांना कळलं. इतक्या वर्षांच्या माणसाला कळायला काय वेळ लागतो? तरी त्यांनी पेला बाईंपुढे धरला. बाईंनी वास घेतला. पुन्हा घेतला. जरा जास्तच वेळ घेतला.

"पाणी आहे," त्या म्हणाल्या. मग घाईनं, "हे बघा, ओळ मीच लावलीय. मी म्हणते, माझा नंबर चुकला. मुका सातवा होता. कुणाला कळणार आहे? तुमची बाकीची पाच तंतोतंत आहेत!"

मास्तरांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांपुढे थोरले उभे होते, पाठमोरे, दाराकडे जाणारे. दोन ओळी लिहिल्या होत्या म्हाताऱ्यानं. त्या वाचल्यासुद्धा नव्हत्या कुणी.

त्यांनी लेखणी खिशाला लावली. खुर्ची मागे सारली, आवाज न करता, आणि उभे राहिले. चेहरा रडवेला नव्हता. लांबच्या प्रवासाहून आलेलं आपलं माणूस स्टेशनावरच्या गर्दीत एकदम दिसल्यावर होतो, तसा होता.

सातवा पेला झाकलेलाच राहिला. सहावा उघडा होता. बाई त्याच्याकडे बघत होत्या, मग कागदाकडे, मग मास्तरांकडे. नियमाप्रमाणे त्यांनी आता पेला उचलून पाणी ओतून द्यायला हवं होतं. त्यांचा हात पुढे झाला आणि मध्येच थांबला.

"मास्तर," त्यांनी विचारलं, "कुणाचा वास आला?"

मास्तर दाराशी पोचले होते. ते वळले. दार उघडं होतं आणि बाहेरच्या बोळातून गार झुळूक आत येत होती.

"झाकण ठेवा, बाई," ते म्हणाले. "तिला वारा सोसत नाही."