खाणीखालची माठाची भाजी

आमच्या शेडमध्ये नुसत्या कुंड्या, आणि कुंड्यांत मुकाट उभी रोपं. इथे किस्से कसले घडणार, असं माझ्या नवऱ्याला वाटायचं. पण किस्से तणासारखे! आज उपटले तर उद्या दुसरे. मी गप्प बसणारी, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच साठतात.

सुरुंगाच्या दारूने नासलेल्या मातीत झाडांचं काय होतं, ते बघणं हे आमचं काम. शेड कोसबाडला. प्रमुख आमचे सर, पाणी घालायला सुमनमावशी, मोजमापाला मी. माती मात्र माझ्या सासरची! अच्छाडच्या आतल्या अंगाला, बंद पडलेल्या दगडखाणीखाली आमचं शेत. खाणवाले जाताना उरलीसुरली दारू बांधाजवळ पुरून गेले. लग्नानंतर मला हे कळलं आणि मीच सरांना सांगितलं. त्या शेतातलं खायचं की नाही, एवढंच आम्हाला ठरवायचं होतं.

*

पहिली पोती आणताना हायवेवर पोलिसाने टेम्पो अडवला. "काय माल?"

आमचा ड्रायव्हर सरळ माणूस. "सुरुंगाची माती, साहेब!"

झालं! टेम्पो बाजूला, माणसं लांब. शेवटी सर आले. पोत्यात हात घालून त्यांनी मूठभर माती तळहातावर चोळून दाखवली. "बघा, काही होत नाही."

पोलीस झाडामागून ओरडला, "चोळू नका हो! बायकापोरं आहेत आम्हाला!"

*

सर एकदा समजावत होते. "टीएनटी मुळांतच अडकतं. मुळं तपकिरी होतात, आखडतात, झाड खुजं राहतं. आरडीएक्स मात्र पाण्याबरोबर थेट पानांत चढतं आणि तिथेच साठतं."

मावशींनी झारी खाली ठेवली. "म्हणजे एक पाव्हणा ओटीवर बसतो, दुसरा डायरेक्ट चुलीपाशी!"

पुढच्या प्रेझेंटेशनमध्ये सरांनी हेच वाक्य वापरलं. मावशींचं नाव तेवढं राहून गेलं.

*

मग सगळ्यात आजारी कुंड्या अचानक सुधारल्या. नवी पानं, ताठ देठ! सरांनी फोटो काढले, दोघा-तिघांना फोनही केले.

मावशी खूश. "माती बदलली मी. मुळं धुतली आणि आपल्या चांगल्या मातीत लावली."

सर स्टुलावर बसले. "मावशी, ती मरतात का तेच बघायचं होतं."

"मग मला पाणी घालायला कशाला ठेवलंय?"

 आम्ही कुंड्या पुन्हा पहिल्यापासून भरल्या.

*

सासूबाईंना यातलं काहीच पटत नव्हतं. कसं पटणार? दारू जिथे पुरली तिथे काही उगवत नाही, पण जरा खाली तिच्यातलं नायट्रेट खतासारखं लागू पडतं. तिथला माठ अख्ख्या शेतात हिरवागार.

पानं न्यायला आलेले सर म्हणाले, "आजी, दिसण्यावर जाऊ नका."

"सून बघायला गेले तेव्हाही सगळे हेच सांगत होते. मी दिसण्यावरच गेले. चुकलं का काही?"

मी पिशवीच्या गाठीवर आणखी एक गाठ मारली.

*

पानांचा रिपोर्ट आला. आरडीएक्स होतं, पानांतच होतं. सर स्वतः घरी येऊन सांगून गेले. त्या तुकड्यातलं खायचं नाही, गुरांनाही घालायचं नाही. सासूबाई "बरं" म्हणाल्या, विळा घेऊन गेल्या आणि सगळा माठ कापून बाजूला रचून आल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

माझं माहेर धाकटी डहाणूजवळ. खाडीची खारी जमीन, पालेभाजी धड होत नाही. म्हणून लग्न ठरल्यापासून सासूबाई दर आठवड्याला माझ्या आईला त्याच माठाच्या जुड्या पाठवायच्या. कोवळ्या जुड्या आधी विहीणबाईंना, उरतील त्या आम्हाला. रिपोर्ट येईपर्यंत थांबूया, असं मी म्हटलं होतं. "तुझ्या आईला काय वाटेल?" असं सासूबाईंचं उत्तर. आईलाही सांगून पाहिलं. ती म्हणाली, "प्रेमाने पाठवलेलं टाकायचं नसतं गं."

रविवारी आईचा फोन आला. स्पीकरवरच होता. "या खेपेला भाजी नाही आली. रागबिग नाही ना?"

मी काही बोलायच्या आत सासूबाईंनी फोन घेतला.  मग हळूच विचारलं, "विहीणबाई, आधी पाठवलेली... सगळी खाल्लीत का हो?"

"म्हणजे काय!" आई कौतुकाने म्हणाली. "एक पान वाया घालवलं नाही. देठांचीसुद्धा भाजी केली!"