केनेथिनाचं ‘नको’

स्कॉटलंडच्या लुइस बेटावर चहाला पहिल्याच खेपेला ‘हो’ म्हणणारा माणूस एक तर परका असतो, नाही तर हावरट. पहिलं ‘नको’ रीतीचं, दुसरं यजमानाच्या मानाचं; तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’ म्हणायचं आणि दोन कप प्यायचे. केनाबाईंनी बहात्तर वर्षं हा नेम पाळला. नवऱ्याने लग्नाचं विचारलं तेव्हाही त्या दोनदा ‘नको’ म्हणाल्या. तो बिचारा मासेमारीच्या बोटीवर निघून गेला आणि तिसऱ्यांदा विचारायला चार महिन्यांनी उगवला. ते चार महिने कसे गेले, हे बाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही.

केना हे घरचं नाव. चर्चच्या वहीत होतं केनेथिना. त्यांच्या आधीचा भाऊ केनेथ सहाव्या वर्षी घटसर्पाने गेला. पुढे सात महिन्यांनी आईचे दिवस भरले, तेव्हा केनेथच परत येणार म्हणून सगळं घर डोळे लावून बसलं, आणि आल्या या. बापाने फार डोकं चालवलं नाही. मुलाच्या नावाला ‘इना’ची झालर लावली आणि मुलीला नेसवलं. गावात अशा डोनाल्डिना, मर्डिना पैशाला पासरी होत्या. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. शाळेतली पोरं ‘केनेथ, दाढी कर!’ म्हणून ओरडायची, तेही चालून जायचं.

चालून जायचं नाही ते एवढंच, की वेणी घालताना आई तिच्या डोक्यावरून दाराकडे बघत बसायची.

शेवटच्या आजारात आईचं सगळं केनानेच केलं. अकरा आठवडे. शेवटच्या सकाळी आईने डोळे उघडले. चेहरा असा उजळला, की तसा तो केनाने जन्मात पाहिला नव्हता.

‘केनेथ, आलास?’

‘हो आई,’ केना म्हणाली, ‘आलो.’

हेही तिने कुणाला सांगितलं नाही.

तिच्या मुलाला, नॉर्मनला, लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली. एका शनिवारी तो आणि सून मोरॅग बाळाला घेऊन थेट मागाच्या खोलीतच आले. केनाबाई विणकरीण. नवा ताणा जुन्याच्या टोकांना गाठवत बसल्या होत्या. सातशेच्या आसपास गाठी, एकेक हाताने.

‘आई, नाव ठरलं,’ नॉर्मन म्हणाला. ‘पहिलं इस्ला. आणि मधलं...’

‘मधलं तुमचं!’ मोरॅगला धीर धरवेना. तिकडे मधलं नाव म्हणजे मान. ज्याला द्यायचा त्याचं ठेवतात. ‘इस्ला केनेथिना. सोमवारी नोंदवतोय.’

बाईंच्या हातातली गाठ सुटली.

‘नको,’ त्या म्हणाल्या.

‘आलं बघ पहिलं,’ नॉर्मनने बायकोला डोळा मारला.

‘नको रे. मोरॅग, तुझ्या आईचं ठेव. फ्लोरा. किती गोड नाव आहे.’

‘दुसरं!’ मोरॅग खिदळली. ‘आई, मी काय इंग्लंडहून आलेय? आमच्या माहेरीही असंच करतात.’

‘पोरांनो, ऐका. त्या नावात आधीच एक जण राहतोय.’

‘राहणारच!’ नॉर्मन म्हणाला. ‘मामा ना आमचा. पोरीला आजीही मिळाली आणि मामेआजोबाही. एका नावात दोन माणसं, आई! सेलमध्ये तरी मिळतं का?’

आता सांगायलाच हवं होतं. केनाबाईंनी तोंड उघडलं. पण ‘माझ्या आईने मला कधी हाक मारलीच नाही’ हे वाक्य बहात्तर वर्षांच्या बाईने म्हणायचं कसं, आणि तेही बिचाऱ्या आईबद्दल? ओठ नुसते हलले. मोरॅगचे डोळे भरून आले. ‘बघ ना, आनंदाने बोलवत नाहीये त्यांना,’ ती नवऱ्याला म्हणाली.

‘मग ठरलं?’ नॉर्मनने तिसऱ्यांदा विचारलं.

‘नको.’

तिसरं ‘नको’. बेटावर त्याला अर्थच नव्हता. नॉर्मन इतका मोठ्याने हसला, की बाळ दचकलं. ‘अगं आई, मोजायला चुकलीस!’

सोमवारी दुपारी दाखला आला. केनाबाईंनी चष्मा लावून वाचला. एखादं अक्षर गळलं असेल, ही वेडी आशा होती. पण नोंदणीवाल्या बाईचंच नाव मर्डिना, ती कशाला चुकते! मोरॅगने बाळ मांडीवर दिलं. ‘इस्ला’ म्हणायचं, फक्त इस्ला, आणि तिच्या डोळ्यांतच बघायचं, असं बाईंनी दोन दिवस घोकलं होतं. एवढं तरी आपल्या हातात आहे.

‘इस्ला,’ त्या म्हणाल्या. आणि त्यांची नजर बाळाच्या डोक्यावरून दाराकडे गेली. दार उघडं होतं. पायरीवर ऊन पडलं होतं, बाकी काही नाही.

‘कुणी येतंय का, आई?’ मोरॅगने विचारलं.

‘नाही. कुणी नाही.’

‘चहा टाकू?’

‘हो,’ केनाबाई म्हणाल्या.

मोरॅग किटली हातात धरून थबकली. मग नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाली, ‘ऐकलंस? पहिल्याच खेपेला! किती खूश झाल्यात रे त्या.’